स्पॅनिशमधील शब्दाघात आणि अक्षररचना : लघु-गुरुविचाराच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठीत शब्दातील एखाद्या अक्षरावर जोर कमी-अधिक पडल्याने वक्त्याचा आग्रह, उपरोध किंवा आश्चर्य सूचित होते; परंतु केवळ आघाताची जागा बदलल्यामुळे एका शब्दाचा दुसरा शब्द होत नाही. स्पॅनिशमध्ये तो होतो. 'पा-पा म्हणजे लॅटिन अमेरिकेत बटाटा, आणि पा-'पा म्हणजे वडील. 'सा-बा-ना म्हणजे पलंगावर अंथरायची चादर, तर सा-'बा-ना म्हणजे गवताळ प्रदेश. 'तेर्-मि-नो (संज्ञा, शेवट), तेर्-'मि-नो (मी संपवतो) आणि तेर्-मि-'नो (त्याने संपवले) ही त्रयी तर स्पॅनिशच्या प्रत्येक व्याकरणात भेटते. ह्या तिन्ही शब्दांतील स्वर-व्यंजने आणि त्यांचा क्रम एकच आहे. भेद आहे तो आघाताच्या जागेचा. देवनागरीत सरळ लिप्यंतर केल्यास तिन्ही शब्द ‘तेर्मिनो’ असेच लिहावे लागतात, आणि भेद दिसेनासा होतो.

अशा उदाहरणांवरून स्पॅनिशचा आघात स्वैर आहे, तो शब्दागणिक पाठ करावा लागतो, असा समज होतो. दुसऱ्या बाजूस, स्पॅनिश भाषकाला अपरिचित शब्द वाचावयास दिला, तर तो बहुधा न अडखळता त्यावर आघात देतो. आघात सर्वस्वी स्वैर असता तर हे शक्य झाले नसते. तेव्हा शब्दाच्या रचनेत, विशेषतः त्याच्या अक्षरांच्या रचनेत, आघाताविषयी काही सूचना असल्या पाहिजेत. त्या कोणत्या, त्या आज कार्यरत असलेल्या नियमाच्या स्वरूपाच्या आहेत की केवळ इतिहासाने मागे ठेवलेल्या खुणा आहेत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लघु-गुरूची संकल्पना मराठीच्या अभ्यासकाला वृत्तविचारातून परिचित असते. तिचा ह्या विचारात मोठा उपयोग होतो. मात्र ती जशीच्या तशी लावली तर फसगतही होते.

२. अक्षर आणि त्याचा भार

येथे ‘अक्षर’ हा शब्द लिपीतील वर्ण ह्या अर्थाने योजलेला नाही. एका स्वरकेंद्राभोवती एका दमात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह, असा त्याचा अर्थ आहे. उदाहरणांत अक्षरे आडव्या रेघेने तोडून दाखवली आहेत, आघातयुक्त अक्षरापूर्वी ' ही खूण केली आहे आणि व्यंजनान्त उच्चार पाय मोडून दाखवला आहे. उच्चार लॅटिन अमेरिकेतील सर्वसामान्य उच्चाराला धरून आहेत.

ज्या अक्षराचा शेवट स्वराने होतो ते मुक्ताक्षर आणि ज्याचा शेवट व्यंजनाने होतो ते बद्धाक्षर. ‘मो-'मेन्-तो’ (क्षण) ह्या शब्दात पहिले आणि तिसरे अक्षर मुक्त, तर मधले बद्ध आहे. बद्धाक्षर किंवा संयुक्त स्वर असलेले अक्षर भारी, म्हणजे गुरू. एकच स्वर असलेले मुक्ताक्षर हलके, म्हणजे लघू.

आपल्या छंदःशास्त्रातील लघु-गुरूशी ह्या विभागणीचे साम्य उघड आहे. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ स्वरांचा भेद नाही. तिच्या पाचही स्वरांना परिमाणाच्या दृष्टीने सारखाच दर्जा आहे. आ, ए, ओ हे स्वर आपल्या कानाला स्वभावतः गुरू वाटतात. परंतु ‘'का-सा’ (घर) ह्या स्पॅनिश शब्दातील दोन्ही अक्षरे लघूच आहेत.

दुसरी गोष्ट जोडाक्षरासंबंधी आहे. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू होते, हा आपला सामान्य नियम. मात्र मराठी छंदोविचाराने त्यास एक महत्त्वाची पुरवणी जोडली आहे : ‘तुझ्या’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांत जोडाक्षराचा दाब मागील अक्षरावर येत नाही, म्हणून ते अक्षर लघूच राहते. ध्वनिविचाराच्या भाषेत सांगावयाचे तर, ही दोन्ही व्यंजने पुढील अक्षराच्या आरंभी जातात (तु-झ्या) आणि मागील अक्षर मुक्त राहते. स्पॅनिशमध्ये हीच गोष्ट नियमितपणे घडते. स्पर्श व्यंजन किंवा फ् ह्यांच्यापुढे र् किंवा ल् आल्यास ती जोडी सामान्यतः फुटत नाही : पा-'ला-ब्रा (शब्द), 'से-ले-ब्रे (विख्यात). ह्याउलट स्, न्, र्, ल् ह्यांच्यापुढे व्यंजन आल्यास जोडी फुटते आणि मागील अक्षर बद्ध होते : दे-'सास्-त्रे (आपत्ती), 'कार्-ता (पत्र). म्हणून ‘ब्रे’ च्या आधीचे ‘ले’ लघू आणि ‘त्रे’ च्या आधीचे ‘सास्’ गुरू. पुढील सर्व विवेचनाचा पाया हा भेद आहे.

३. तीन अक्षरांची मर्यादा

स्पॅनिश व्याकरणात आघाताच्या जागेवरून शब्दांचे वर्ग पाडले जातात. अंत्य अक्षरावर आघात असलेले आगुदा, उपांत्य अक्षरावर असलेले याना आणि शेवटून तिसऱ्या अक्षरावर असलेले एस्द्रुहुला. ‘एस्-'द्रु-हु-ला’ ही संज्ञा स्वतःच आपल्या वर्गाचे उदाहरण आहे. एकट्या शब्दात आघात ह्यापेक्षा मागे जाऊ शकत नाही. शब्द कितीही लांब असो, आघाताला शेवटची तीन अक्षरेच मोकळी असतात.

ही मर्यादा किती कडक आहे ते ‘'रे-हि-मेन्’ (राजवट, व्यवस्था) ह्या शब्दाच्या अनेकवचनावरून दिसते. स्पॅनिशमध्ये अनेकवचन होताना आघात सामान्यतः आपल्या जागी राहतो. ह्या शब्दाला ‘एस्’ हा प्रत्यय लागल्यावर आघात पहिल्या अक्षरावरच राहिला असता, तर तो शेवटून चौथा झाला असता. म्हणून तो एक अक्षर पुढे सरकतो : रे-'हि-मे-नेस्. दि-'स्येन्-दो-मे-लो (ते मला सांगत) अशा रूपांत आघात शेवटून चौथ्या अक्षरावर दिसतो खरा. परंतु तेथे ‘मे’ आणि ‘लो’ ही क्रियारूपाला मागून चिकटलेली सर्वनामे आहेत. मूळ क्रियारूप मर्यादेतच आहे.

ह्या मर्यादेचा अक्षरांच्या भाराशी संबंध नाही. ती केवळ अक्षरांची संख्या मोजते. भाराचा प्रश्न उद्भवतो तो ह्या तीन जागांपैकी कोणती, हे ठरवताना.

४. अंत्य अक्षराची रचना

नामे आणि विशेषणे पाहिली, तर एक ठळक प्रवृत्ती आढळते. शब्द स्वरान्त असल्यास आघात बहुधा उपांत्य अक्षरावर असतो : 'मे-सा (टेबल), सा-'पा-तो (जोडा), बेन्-'ता-ना (खिडकी). शब्द व्यंजनान्त असल्यास तो बहुधा अंत्य अक्षरावर असतो : पा-'पेल् (कागद), मु-'हेर् (स्त्री), स्यु-'दाद् (शहर), को-रा-'सोन् (हृदय). अंत्य अक्षर लघू असले की आघात एक पाऊल मागे राहतो आणि ते गुरू असले की आघात त्यावर येतो, असे प्रथमदर्शनी म्हणता येईल.

ह्या प्रवृत्तीला अपवाद आहेत, आणि ते दुर्मीळही नाहीत. का-'फे (कॉफी) आणि सो-'फा हे शब्द स्वरान्त असून त्यांचा आघात अंत्य आहे. 'आर्-बोल् (झाड), 'ला-पिस् (पेन्सिल), आ-'सु-कार् (साखर) हे शब्द व्यंजनान्त असून त्यांचा आघात उपांत्य आहे. मार्-'ति-नेस्, 'लो-पेस् अशी ‘एस्’ने संपणारी आडनावेही ह्याच गटातली होत. शिवाय अनेकवचनाचा स् अक्षराला भार देत असला, तरी आघाताच्या हिशेबात तो धरला जात नाही. 'का-सा चे अनेकवचन 'का-सास् असेच होते. व्यंजनान्त झाला म्हणून आघात पुढे सरकत नाही.

येथे लेखननियम आणि ध्वनिनियम ह्यांची गल्लत होण्याचा संभव असतो. स्पॅनिश लेखनात स्वर, न् किंवा स् ह्यांनी संपणारा शब्द उपांत्य-आघाती असेल, तसेच अन्य व्यंजनाने संपणारा शब्द अंत्य-आघाती असेल, तर सामान्यतः आघातचिन्ह दिले जात नाही. न् आणि स् ह्यांना स्वरांच्या पंक्तीला बसवण्याचे कारण व्यावहारिक आहे. अनेकवचनी नामे स् ने संपतात, तृतीयपुरुषी अनेकवचनी क्रियापदे न् ने संपतात. ह्या असंख्य रूपांवर चिन्ह देण्याचे त्यामुळे टळते. परिणाम असा होतो की ‘को-रा-'सोन्’ ह्या शब्दावर चिन्ह द्यावे लागते आणि वाचकाला तो अपवाद वाटतो. उच्चाराच्या दृष्टीने मात्र व्यंजनान्त नामांच्या सर्वसामान्य प्रवृत्तीलाच तो अनुसरतो. लिखित चिन्हे मोजून ध्वनिव्यवस्थेविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

५. उपांत्य गुरू : आघाताच्या वाटेतील अडसर

अंत्य अक्षराविषयीचा नियम प्रवृत्तीच्या स्वरूपाचा आहे. उपांत्य अक्षराविषयीचा नियम त्याहून बराच कडक आहे. आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर असलेल्या शब्दांची यादी केली, तर एक गोष्ट तत्काळ जाणवते : 'मे-दि-को (वैद्य), ते-'ले-फो-नो, 'पा-हा-रो (पक्षी), 'नु-मे-रो (संख्या), 'ला-ग्रि-मा (अश्रू) ह्या सर्व शब्दांत उपांत्य अक्षर लघू आहे. ते गुरू असेल तर आघात त्याला ओलांडून मागे जात नाही : ए-ले-'फान्-ते (हत्ती), दि-'स्येम्-ब्रे (डिसेंबर), आ-'ब्वे-लो (आजोबा), बे-ने-'स्वे-ला. ‘ते-'ले-फोन्-तो’ असा शब्द स्पॅनिशमध्ये नाही, आणि कोणी घडवला तर तो स्पॅनिश कानाला खटकेल.

जोडाक्षराच्या फोडीचे महत्त्व येथे प्रत्ययास येते. 'से-ले-ब्रे आणि 'फु-ने-ब्रे (अंत्यविधीसंबंधी) हे शब्द शक्य आहेत, कारण ‘ब्रे’ अखंड राहते आणि आधीचे अक्षर मुक्त असते. ‘दे-'सास्-त्रे’ मध्ये आघात मागे नेता येत नाही, कारण ‘सास्’ बद्ध आहे. दोन्हींत लिपीच्या दृष्टीने जोडाक्षरच आहे. निर्णय होतो तो जोडी कोठे फुटते ह्यावर.

ह्या नियमालाही अपवाद आहेत. परंतु ते थोडे आहेत आणि त्यांचे स्वरूप बोलके आहे. पालेन्सिया प्रांतातील ‘'फ्रो-मिस्-ता’ हे गावाचे नाव त्यांपैकी प्रसिद्ध. ‘वॉशिंग्टन’, ‘मँचेस्टर’, ‘ॲम्स्टरडॅम’ ही परकीय नगरनामे स्पॅनिश भाषक पहिल्या अक्षरावर आघात देऊन सहज उच्चारतात, त्यांतील उपांत्य अक्षर बद्ध असूनही. म्हणजे अशी रचना जिभेला अशक्य नाही. भाषेच्या सामान्य शब्दसंग्रहात ती नाही, इतकेच.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जेम्स हॅरिस ह्यांच्या १९८३ मधील स्पॅनिश अक्षररचना व आघात ह्या विषयावरील ग्रंथाने ह्याच तथ्याला सिद्धान्तात मध्यवर्ती स्थान दिले. आघात हा व्यंजनांच्या आणि स्वरांच्या सरळ रांगेवरून ठरत नसून अक्षराच्या अंतर्गत रचनेवरून नियंत्रित होतो, ही त्यांची भूमिका. त्यानंतरचा बराच वाद हा नियम खरोखर ‘नियम’ आहे काय, ह्याभोवती फिरत राहिला. तो वाद समजण्यासाठी थोडे मागे, लॅटिनकडे जावे लागते.

६. लॅटिनचा वारसा

अभिजात लॅटिनमध्ये आघाताची जागा अक्षराच्या भारावरून जवळजवळ यांत्रिकपणे ठरत असे. तीन किंवा अधिक अक्षरांच्या शब्दात उपांत्य अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर. लघू असेल तर त्याच्या मागील अक्षरावर. लॅटिनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ भेद होता, त्यामुळे दीर्घ स्वराचे मुक्ताक्षरही गुरू धरले जाई. आ-'मी-कुम् (मित्र) मध्ये ‘मी’ दीर्घ, मा-'गिस्-त्रुम् (गुरू, शिक्षक) मध्ये ‘गिस्’ बद्ध. म्हणून दोन्हींत आघात उपांत्य. 'पो-पु-लुम् (लोक) मध्ये ‘पु’ ऱ्हस्व आणि मुक्त, म्हणून आघात मागे.

पुढे बोलभाषेत स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घत्व लोपले. नियमाचा एक मोठा आधार नाहीसा झाला. आघात मात्र सामान्यतः होता तेथेच राहिला. आ-'मि-गो आणि मा-'एस्-त्रो हे आजचे स्पॅनिश शब्द लॅटिन आघात जपून आहेत. ‘मि’ मध्ये आता गुरुत्व नाही. परंतु एके काळी ते होते म्हणून आघात तेथे आहे.

व्यंजनान्त शब्दांवरील अंत्य आघाताचा उगमही असाच आहे. लॅटिन आ-'मो-रेम् पासून आ-'मोर् (प्रेम), रा-ति-'ओ-नेम् पासून रा-'सोन् (कारण, विवेक), की-वि-'ता-तेम् पासून स्यु-'दाद्. शेवटचा ‘ए’ झडला, आघात हलला नाही. त्यामुळे जे अक्षर उपांत्य होते ते अंत्य झाले. अंत्य गुरू अक्षर आघाताला ओढून घेते, असे आज जे दिसते, ते बऱ्याच शब्दांत मूळच्या उपांत्य आघाताचे अवशेषरूप होय. अनेकवचनात (आ-'मो-रेस्) शेवटी पुन्हा एक अक्षर येते आणि जुनी उपांत्य स्थिती उघडी पडते.

शेवटून तिसऱ्या अक्षरावर आघात असलेल्या लॅटिन शब्दांचे काय झाले? लोकांच्या तोंडी रुळलेल्या शब्दांत आघातानंतरचा दुर्बळ स्वर बहुधा गळून गेला : 'पो-पु-लुम् चे 'प्वे-ब्लो (लोक, गाव), 'हो-मि-नेम् चे 'ओम्-ब्रे (मनुष्य), 'ता-बु-लाम् चे 'ता-ब्ला (फळी). एस्द्रुहुला वर्ग त्यामुळे क्षीण झाला. पुढे मध्ययुगाच्या अखेरीपासून पंडित व कवी ह्यांनी लॅटिनमधून थेट शब्द उचलले, तेव्हा तो पुन्हा भरला. ‘लाबेरिन्तो दे फोर्तुना’ (१४४४) लिहिणारा हुआन दे मेना हा कवी अशा लॅटिनप्रचुर शब्दकळेसाठी ओळखला जातो. आजही ह्या वर्गात विद्वज्जनांच्या मार्गाने आलेले शब्द मोठ्या संख्येने आढळतात.

एकाच लॅटिन शब्दाची दोन अपत्ये हा इतिहास एका दृष्टिक्षेपात दाखवतात. लॅटिन ‘काथेद्रा’ (आसन) ह्या शब्दातील ‘द्रा’ अखंड राहत असल्याने आघात पहिल्या अक्षरावर होता. लोकभाषेत तो उपांत्य अक्षरावर सरकला आणि झीज होत का-'दे-रा हा शब्द तयार झाला. त्याचा आजचा अर्थ कंबरेचा, नितंबाचा भाग. पंडितांनी तोच शब्द पुन्हा उचलला तो अभिजात आघातासह : 'का-ते-द्रा, म्हणजे प्राध्यापकाचे अध्यासन. त्याचप्रमाणे ‘इन्तेग्रुम्’ पासून एन्-'ते-रो (संपूर्ण) आणि 'इन्-ते-ग्रो (सचोटीचा, अखंड). स्पर्श आणि र् ह्यांच्या जोडीपूर्वीचे अक्षर लघू धरावे की गुरू, ह्याविषयीची जुनी द्विधा ह्या जोडशब्दांत गोठलेली आहे.

७. आघातामुळे घडणारे अक्षर

आतापर्यंत अक्षररचना हे कारण आणि आघात हे कार्य, असे गृहीत धरले. काही ठिकाणी क्रम उलटा आहे. लॅटिनमधील ऱ्हस्व ए आणि ओ ह्यांवर आघात असेल तर स्पॅनिशमध्ये त्यांचे सामान्यतः अनुक्रमे ‘ये’ आणि ‘वे’ असे संयुक्त स्वर झाले. आघात नसेल तेथे साधा स्वर राहिला. म्हणून 'ब्वे-नो (चांगला) परंतु बोन्-'दाद् (चांगुलपणा). 'न्वे-बे (नऊ) परंतु नो-'बेन्-ता (नव्वद). 'प्वे-दो (मी शकतो) परंतु पो-'दे-मोस् (आपण शकतो). एस्-'क्वे-ला (शाळा) ह्या शब्दातील ‘क्वे’ गुरू आहे म्हणून त्यावर आघात आला, असे म्हणणे ऐतिहासिक दृष्ट्या चुकीचे ठरेल. त्यावर आघात होता म्हणून तो गुरू झाला.

आघातामुळे अक्षरांची संख्याही बदलते. 'आ-स्या म्हणजे ‘कडे, दिशेने’. आ-'सि-आ म्हणजे ‘करीत असे’. आघात इ वर आला की इ स्वतंत्र अक्षराचे केंद्र बनते. आघात दूर गेला की ती पुढील स्वरात मिसळते. कोन्-'ति-न्वो (सतत), कोन्-ति-'नु-ओ (मी चालू ठेवतो) आणि कोन्-ति-'न्वो (त्याने चालू ठेवले) ह्या त्रयीत मधल्या शब्दात चार अक्षरे आहेत, इतर दोहोंत तीन.

कित्येकदा भाषकांतच मतभेद असतो. ‘संहिता, पटकथा’ ह्या अर्थाचा शब्द काही जण 'ग्योन् असा एकाक्षरी उच्चारतात, तर काही जण गि-'ओन् असा द्व्यक्षरी. रॉयल स्पॅनिश ॲकॅडमीने २०१० च्या शुद्धलेखनग्रंथात लेखनापुरता तो एकाक्षरी मानून त्यावरील आघातचिन्ह वगळण्यास सांगितले. उच्चार मात्र दोन्ही राहिले.

८. क्रियापदे आणि बोली

क्रियापदांत आघाताची जागा मुख्यतः काळ आणि अर्थ ह्यांवरून ठरते. अक्षराचा भार तेथे गौण आहे. गाणे ह्या अर्थाच्या धातूची अपूर्ण भूतकाळातील रूपे पाहा : कान्-'ता-बा (तो गात असे), कान्-'ता-बा-मोस् (आपण गात असू), कान्-'ता-बान् (ते गात असत), कान्-'ता-बाइस् (तुम्ही गात असा, हे रूप स्पेनमध्ये रूढ आहे). आघात सर्वत्र धातूनंतरच्या ‘ता’ वर स्थिर आहे. अंत्य अक्षर ‘बा’ असो की ‘बाइस्’ सारखे भरभक्कम असो, त्याचा काही परिणाम होत नाही. भविष्यकाळात तो प्रत्ययावर जातो : कान्-ता-'रे (मी गाईन). अंत्य अक्षराच्या भाराचे तत्त्व नामांसाठी जितके उपयुक्त, तितके क्रियापदांसाठी नाही.

बोलींतील भेदही उद्बोधक आहेत. स्पेनमध्ये 'बि-दे-ओ, तर लॅटिन अमेरिकेत बि-'दे-ओ; स्पेनमध्ये 'चो-फेर् (वाहनचालक), तर अमेरिकेत बव्हंशी चो-'फेर्; बहुतेक ठिकाणी 'फुत्-बोल्, तर मेक्सिकोत फुत्-'बोल्. अक्षररचना तीच असून आघात निराळा. रचना दोन्ही जागांना वाव देते, निवड रूढी करते.

कॅरिबियन किनाऱ्यावरील आणि आन्दालुसियातील बोलींत अक्षरान्तीचा स् क्षीण होतो किंवा लोपतो. शब्दान्तीचा द् गळणे त्याहूनही सर्वदूर आढळते. आउ-तो-'बुस् चे आउ-तो-'बु, मा-'द्रिद् चे मा-'द्रि, बेर्-'दाद् (सत्य) चे बेर्-'दा. अंत्य अक्षर हलके झाले, आघात मात्र मागे सरकला नाही. लॅटिनमधील ‘ए’ झडताना जे घडले, तेच येथे पुन्हा घडताना दिसते : अक्षर बदलते, आघात आपली जागा धरून राहतो.

९. नियम की अवशेष?

उपरोक्त सामग्रीवरून दोन भूमिका संभवतात. पहिली हॅरिस ह्यांच्या दिशेची : स्पॅनिश भाषकाच्या मनात अक्षरभाराचे भान जिवंत आहे आणि ते आघाताला मर्यादा घालते. दुसरी इगी रोका ह्यांनी १९८८ पासून आग्रहाने मांडलेली : लॅटिनचे स्वरपरिमाण गेले तेव्हाच भाराचे राज्य संपले, आज दिसतात ती त्याची केवळ पडछाया.

दुसऱ्या भूमिकेला एका तथ्याचा भक्कम आधार मिळतो. अंत्य अक्षराचा आरंभ च्, ञ्, कंपित र्र् किंवा मूळच्या द्वित्त ल् चा आजचा य् ह्यांनी होत असेल, तर आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर जवळजवळ कधीच नसतो : का-'बा-ञा (झोपडी), का-'बा-यो (घोडा), दे-'रे-चो (हक्क, सरळ). ह्या शब्दांतील उपांत्य अक्षर मुक्त आहे. आजच्या भाराच्या हिशेबाने आघात मागे जाण्यास कोणतीही हरकत नसावी. परंतु लॅटिनमध्ये ह्या जागी कापान्ना, काबाल्लुम्, दिरेक्तुम् असे शब्द होते आणि त्यांचे उपांत्य अक्षर बद्ध होते. द्वित्त किंवा जोड व्यंजनाचे पुढे एक व्यंजन झाले. निषेध मात्र टिकून राहिला. ज्या निषेधाला आजच्या अक्षररचनेत कारण सापडत नाही, त्याचे कारण इतिहासातच असणार.

पहिल्या भूमिकेला आधार मिळतो तो प्रयोगांचा. अर्थहीन बनावट शब्द भाषकांना ऐकवून किंवा वाचावयास देऊन आघाताची चाचणी घेता येते. अशा शब्दांना इतिहास नसतो, त्यामुळे जे दिसते ते भाषकाच्या आजच्या ज्ञानातून आलेले असते. टिमोथी फेस ह्यांच्या २००० मधील अभ्यासात आघाताच्या ध्वनिगुणांचा फरक काढून टाकलेल्या बनावट शब्दांतही श्रोत्यांच्या कानावर अक्षरभाराचा प्रभाव पडतो, असे दिसून आले. वाचनाच्या प्रयोगांतही, उपांत्य गुरू ओलांडून आघात देण्याची सूचना असलेले बनावट शब्द वाचताना भाषक अधिक चुकतात, असे आढळले आहे.

ह्या दोन भूमिका वाटतात तितक्या परस्परविरोधी नाहीत. इतिहासाने शब्दसंग्रहात एक विशिष्ट वाटप निर्माण केले. भाषा शिकणारे मूल लॅटिन शिकत नाही. ते हजारो शब्द ऐकते आणि त्यांतील वाटपावरून अपेक्षा बांधते. उगम भूतकाळात असला, तरी अपेक्षा वर्तमानातली असते. म्हणूनच ती नव्या शब्दांनाही लागू पडते, आणि म्हणूनच ‘'फ्रो-मिस्-ता’ किंवा ‘वॉशिंग्टन’ सारख्या शब्दांपुढे ती मोडूही शकते. अक्षररचना आघाताची जागा निश्चित करीत नाही. ती काही जागा बंद करते, काही जागा संभाव्य करते, आणि उरलेला निर्णय शब्दाचा वर्ग, रूप आणि रूढी ह्यांवर सोपवते.

१०. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने

मराठी वाचकाचा स्पॅनिशशी संबंध पुष्कळदा अनुवादांतून आणि लेखकनामांतून येतो. ही नावे वरील विवेचनाची चांगली उजळणी ठरतात. ने-'रु-दा आणि 'लोर्-का ही नावे स्वरान्त असून उपांत्य-आघाती आहेत. सेर्-'बान्-तेस् मध्ये उपांत्य अक्षर बद्ध असल्यामुळे आघात त्याला ओलांडून मागे जाऊ शकत नाही. बो-'लि-बार् व्यंजनान्त असूनही उपांत्य-आघाती आहे, म्हणून लेखनात त्यावर चिन्ह असते. गार्-'सि-आ मध्ये तीन अक्षरे आहेत आणि आघात स्वतंत्र ‘सि’ वर आहे. मराठीत रूढ असलेल्या ‘गार्सिया’ ह्या लेखनातून आघाताची ही जागा कळत नाही, आणि वाचक पहिल्या ‘गार्’ वर जोर देऊन मोकळा होतो. लेखन बदलण्याचे कारण नाही. परंतु अध्यापकाने हा भेद एकदा उच्चारून दाखवणे अगत्याचे आहे.

ह्याहून महत्त्वाचा लाभ दृष्टीचा आहे. लघु-गुरुविचार आपल्याकडे वृत्तांच्या गणांपुरता शिकवला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. जोडाक्षराचा दाब मागील अक्षरावर येतो की नाही, हा मराठी छंदोविचारातील बारकावा आणि ‘'से-ले-ब्रे’ व ‘दे-'सास्-त्रे’ ह्यांमधील भेद मुळात एकच प्रश्न विचारतात : अक्षर कोठे संपते? एका भाषेत ह्या प्रश्नाचे उत्तर पद्याचे चरण मोजण्यास उपयोगी पडते, तर दुसऱ्या भाषेत साध्या बोलण्यातील शब्दाचा आघात कोठवर मागे जाईल हे सांगते. ज्याने लघु-गुरू खरोखर समजून घेतले आहेत, त्याच्या हाती स्पॅनिशच्या आघातव्यवस्थेची अर्धी किल्ली आधीच आहे. उरलेली अर्धी मात्र त्या भाषेच्या इतिहासाकडूनच घ्यावी लागते.